परिचारिकांचा थकवा : उणीव सेवाभावाची की मनुष्यबळाची?

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, जगभर परिचारिका दिन पाळला जातो. त्या दिवशी मुंबईच्या मोठ्या इस्पितळांपासून सटाण्यासारख्या तालुक्याच्या गावातील दवाखान्यांपर्यंत मेणबत्त्या पेटवल्या जातात, गुलाबपुष्पे वाटली जातात आणि वक्ते परिचारिकांना त्यागमूर्ती, देवदूत अशी विशेषणे बहाल करतात. कार्यक्रम आटोपला की सिस्टर पुन्हा वॉर्डात जातात. तेथील खाटा तितक्याच असतात, रुग्ण बहुधा खाटांहून अधिक असतात आणि पाळीवरील परिचारिका मात्र काल होत्या तितक्याच असतात.

ह्या गौरवास आमचा आक्षेप नाही. तो मनापासून केलेला असतो, आणि कृतज्ञता व्यक्त करणे हे सुसंस्कृत समाजाचे लक्षण आहे. परंतु गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जे घडले ते पाहता एक प्रश्न विचारणे आम्हांस आवश्यक वाटते. परिचारिका थकतात, चिडतात, नोकरी सोडतात किंवा परदेशची वाट धरतात, तेव्हा त्यांचा सेवाभाव कमी पडला असे म्हणावयाचे, की त्यांच्यावर टाकलेला भार माणसाच्या शक्तीपलीकडचा होता असे म्हणावयाचे? ह्या उत्तरावर केवळ परिचारिकांचे नव्हे, तर आपल्या घरातील प्रत्येक रुग्णाचे हित अवलंबून आहे.

मनाचे करपणे

'बर्नआउट' हा शब्द आता मराठी वर्तमानपत्रांतही रुळला आहे. ह्या अर्थाने तो शास्त्रीय चर्चेत आणला तो न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी, १९७४ साली. गोरगरिबांसाठी चालणाऱ्या एका विनामूल्य दवाखान्यात ते स्वतः काम करीत असत. तेथील स्वयंसेवकांकडे पाहताना त्यांच्या ध्यानात आले की, कामचुकार माणसे नव्हे, तर कामाला सर्वस्व वाहिलेली माणसेच अधिक लवकर रिती होतात. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी सुझन जॅक्सन यांच्यासह १९८१ मध्ये ह्या अवस्थेचे मोजमाप करणारी प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन लक्षणे सांगितली आहेत. पहिले, भावनिक शक्ती आटून जाणे. दुसरे, समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून न पाहता वस्तू म्हणून पाहू लागणे. तिसरे, आपल्या हातून काही चांगले घडते आहे हा विश्वासच नाहीसा होणे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती स्वीकारली. तिच्यात बर्नआउटचा समावेश आहे, परंतु आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ टिकून राहिला आणि त्याचे नीट व्यवस्थापन झाले नाही, तर उद्भवणारी कामाशी निगडित अवस्था, असे तिचे वर्णन केले आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. आजार व्यक्तीचा असतो. ही अवस्था मात्र व्यक्ती आणि तिचे कामाचे ठिकाण या दोहोंमधून निर्माण होते. म्हणून तिचा उपायही केवळ व्यक्तीवर करून भागत नाही.

आपल्या बागलाणच्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगण्यास मोठे शब्द लागणार नाहीत. कांद्याची पात करपली तर तो पातीला आळशी म्हणत नाही. तो पाणी पाहतो, हवा पाहतो, रोग कोठून आला ते पाहतो. माणसाचे मनही असेच करपते.

वॉर्डातील गणित

आता आपण थोडे गणित करू. केंद्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य मानकांनुसार, २०१२ च्या आवृत्तीत, ३० खाटांच्या सामुदायिक आरोग्य केंद्रासाठी १० परिचारिका आवश्यक मानल्या होत्या. आपल्याकडील ग्रामीण रुग्णालये साधारणतः ह्याच आकाराची असतात. तीस रुग्णांना दहा परिचारिका, म्हणजे एकीच्या वाट्याला तीन रुग्ण, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात तसे नसते.

रुग्णालय आठवड्याचे सातही दिवस तीन पाळ्यांत चालते. म्हणजे आठवड्यात २१ पाळ्या भरावयाच्या असतात. दहा परिचारिकांनी प्रत्येकी आठवड्यातून सहा दिवस काम केले तर ६० पाळ्यांचे काम होते. म्हणजे एका पाळीला तीनपेक्षाही कमी. त्यातून रात्रपाळीनंतरची सुटी, किरकोळ रजा, आजारपण, प्रसूती रजा, प्रशिक्षण आणि बैठका वजा केल्या की हातात दोन उरतात. त्यांपैकी एक प्रसूतिकक्षात अडकली की उरलेल्या एकीकडे सगळा वॉर्ड. आणि हे गणित दहाच्या दहा पदे भरलेली आहेत असे गृहीत धरून मांडलेले आहे. एक पद रिक्त राहिले की त्याचा भार उरलेल्या नऊ जणींच्या रजेतून वसूल होतो.

अशा रात्री त्या एकीने काय काय करावयाचे? इंजेक्शने वेळेवर द्यावयाची, सलाईन लावावयाची, ताप, नाडी व रक्तदाब पाहून तक्ता भरावयाचा, औषधांच्या नोंदवह्या लिहावयाच्या. विंचूर-प्रकाशा महामार्गावरील अपघातातील जखमी येतो, सर्पदंश झालेला शेतमजूर येतो, कीटकनाशक प्यालेला तरुण येतो. ज्याला मालेगाव किंवा नाशिकला हलवावे लागते त्याच्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावयाची, कागदपत्रे तयार करावयाची आणि ती येईपर्यंत त्याचा श्वास चालू ठेवावयाचा. ह्या सगळ्यात "सिस्टर, बाटली संपली" अशी हाक दुसऱ्या टोकाकडून येते, आणि उत्तर देण्यास विलंब झाला की नातेवाइकांचा आवाज चढतो. त्या चढलेल्या आवाजालाही शांतपणे उत्तर देणे हे कामच आहे. पण ते कोणत्याही नोंदवहीत लिहिले जात नाही.

भारतीय परिचर्या परिषदेने अध्यापन रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक व सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका, शिवाय रजेसाठी ३० टक्के अतिरिक्त मनुष्यबळ असावे, असे प्रमाण फार पूर्वीच सांगितले आहे. हे प्रमाण प्रत्येक पाळीला लावले, तर आपले ३० खाटांचे रुग्णालय दहा परिचारिकांत चालणारच नाही. प्रत्येक पाळीला सहा, तीन पाळ्यांना अठरा आणि रजेचे धरून तेवीस-चोवीस परिचारिका लागतील. कागदावरील प्रमाण आणि पाळीवरील प्रमाण यांच्यात जे अंतर पडते, त्या अंतरातच परिचारिकांचा थकवा साठत जातो.

त्या अंतराची किंमत केवळ परिचारिका मोजत नाहीत. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेच्या वाट्याला येणाऱ्या प्रत्येक वाढीव रुग्णागणिक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिकेच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. ज्या रुग्णालयांची तुलना झाली तेथे एका परिचारिकेमागे चार ते आठ रुग्ण होते. आपल्याकडील संख्या त्या मोजपट्टीत मावतही नाहीत. कॅलिफोर्निया राज्याने तर परिचारिका व रुग्ण यांचे किमान प्रमाण कायद्यानेच ठरवून २००४ पासून ते लागू केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि सुमारे ५८ लाखांची कमतरता होती. श्रीमंत देश ही कमतरता आपल्यासारख्या देशांतील परिचारिकांनी भरून काढतात, आणि मग आपली कमतरता आणखी वाढते.

ताणाशी सामना करण्याच्या रीती

माणूस ताणाला कसा तोंड देतो, याचा विचार रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये मांडला. त्यांच्या मते मुख्यतः दोन मार्ग असतात. एक, ताणाचे मूळ कारण बदलण्याचा प्रयत्न करणे. दुसरा, कारण बदलता येत नसेल तर त्याने मनात उठणारे वादळ शांत करणे. दोन्ही मार्ग आवश्यक आहेत. मृत्यू टाळता येणार नसेल तर सोबतच्या सिस्टरपाशी दोन अश्रू ढाळणे, प्रार्थना करणे, घरी जाऊन लेकराला जवळ घेणे हे शहाणपणाचेच आहे. परंतु ज्याचे कारण बदलता येते, तेथेही केवळ मन शांत करावयास सांगणे हा अन्याय होय. पाळीवर दोनऐवजी चार परिचारिका देणे शक्य असता त्या दोघींसाठी ध्यानधारणेचे शिबिर घ्यावयाचे आणि ताण व्यवस्थापनाचे कर्तव्य पार पडले असे समजावयाचे, असा प्रकार अलीकडे वाढला आहे. ध्यान चांगले आहे, प्रार्थना तर त्याहून चांगली. पण प्रार्थनेने रिक्त पद भरले जात नाही.

तिसरी एक रीत आहे, आणि ती सर्वांत धोकादायक आहे. ती म्हणजे मन बाजूला काढून ठेवणे. इझाबेल मेंझिस यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमधील एका अध्यापन रुग्णालयातील परिचर्या सेवेचा अभ्यास केला. तेथील सुमारे एक तृतीयांश शिकाऊ परिचारिका प्रशिक्षण अर्धवट सोडीत होत्या. मेंझिस यांना असे दिसले की, वेदना आणि मृत्यू यांच्या सततच्या सान्निध्याची भीती सहन व्हावी म्हणून रुग्णालयाने कामाची रचनाच अशी केली होती, की कोणतीही परिचारिका एका रुग्णाच्या फार जवळ जाऊ नये. एकीने सर्वांचा ताप पाहावयाचा, दुसरीने सर्वांना औषधे द्यावयाची. रुग्णाचा उल्लेख नावाने न होता खाटेच्या क्रमांकाने किंवा आजाराने होई. ह्या रचनेने भीती लपत असे, पण जात नसे. उलट ज्या समाधानासाठी मुली ह्या पेशात आल्या होत्या तेच हिरावले जाई, आणि संवेदनशील मुली आधी निघून जात.

हे वाचताना आपल्या दवाखान्यांतील तुटक उत्तरे आठवल्यावाचून राहत नाहीत. "थांबा जरा", "डॉक्टरांना विचारा", "बाहेर बसा". रुग्णाला हे शब्द लागतात, आणि ते लागावयासच हवेत, कारण आजारी माणूस मायेचा भुकेला असतो. तरीही हा तुटकपणा म्हणजे स्वभावाचा दोष असे लगेच ठरवू नये. पुष्कळदा ती तीस खाटांमध्ये एकट्या पडलेल्या माणसाची कवचकुंडले असतात. कवच घालणाऱ्यास जखम होत नाही, पण दुसऱ्याचा हातही जाणवत नाही.

दोष कोणाच्या माथी?

२०२१ हे वर्ष महाराष्ट्रातील परिचारिकांनी कसे काढले असेल याची कल्पना करणे कठीण आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात अर्भक कक्षाला आग लागून १० बालके दगावली. २१ एप्रिल रोजी आपल्या नाशिकमध्ये, महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात, टाकीतून प्राणवायूची गळती होऊन पुरवठा खंडित झाला. त्याच दिवशी २२ रुग्णांचा मृत्यू झाल्याचे जाहीर झाले. ६ नोव्हेंबर रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण मृत्युमुखी पडले.

ह्या दुर्घटनांत कोणाचा किती दोष होता हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आम्ही त्यात पडत नाही. मात्र भंडाऱ्याच्या प्रकरणात दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला आणि अहमदनगरच्या प्रकरणात एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्यासह तीन परिचारिकांना अटक झाली, ही वस्तुस्थिती आहे. वीजवाहिन्या, प्राणवायूच्या नळ्या, अग्निशमन यंत्रणा यांची देखभाल परिचारिकेच्या हातात नसते. पण संकटाच्या क्षणी खाटेपाशी तीच असते, म्हणून पहिले बोट तिच्याकडे वळते. टाळ्या वाजवून गौरव करणारा समाज काही महिन्यांतच असा वळला, तर त्या पेशातील माणसांच्या मनात काय उरेल?

नैतिक क्लेश म्हणून एक वेदना ओळखली जाते. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्याच संदर्भात तिचे वर्णन केले. योग्य काय ते ठाऊक असते, पण संस्थेच्या मर्यादांमुळे ते करता येत नाही, तेव्हा होणारी ही वेदना आहे. दोन रुग्णांना एकाच वेळी प्राणवायू हवा आणि हाताशी एकच सिलिंडर, ही कोविडच्या दुसऱ्या लाटेतील स्थिती तिचे टोकाचे उदाहरण. पण आठ बालकांच्या कक्षात एकटीनेच लक्ष ठेवावे लागणे हेही त्याच जातीचे. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी २४ तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाल्याचे उघड झाले; त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली, तेव्हा औषधांबरोबर रिक्त पदांचाही प्रश्न पुढे आला. त्याच्या दीड वर्ष आधी, मे २०२२ मध्ये, राज्यातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या होत्या. बाह्य संस्थेमार्फत कंत्राटी भरती करू नये, ही त्यांची प्रमुख मागणी होती. त्या वेळी रुग्णांना वेठीस धरल्याची टीका पुष्कळ झाली. रुग्णांचे हाल झाले हे खरेच. पण अपुऱ्या व अस्थिर मनुष्यबळामुळे रुग्ण रोजच वेठीस धरला जात होता, याची चर्चा तितकी झाली नाही.

के.ई.एम.च्या परिचारिकांनी काय दाखविले

अशा वेळी अरुणा शानबाग यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील ह्या तरुण परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, काम संपवून कपडे बदलत असताना, रुग्णालयाच्याच एका सफाई कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या पुन्हा उठल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली जवळजवळ ४२ वर्षे त्या वॉर्ड क्रमांक चारलगतच्या खोलीत होत्या आणि त्यांची शुश्रूषा त्यांच्याच रुग्णालयातील परिचारिकांनी केली. इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण होऊ दिला नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढेही आली. ७ मार्च २०११ च्या निकालात त्यांच्या दयामरणाची याचिका फेटाळताना न्यायालयाने ह्या परिचारिकांची मुक्तकंठाने प्रशंसा केली.

ही कथा आपण बहुधा त्यागाची कथा म्हणून सांगतो. ती तशी आहेच. परंतु तिच्यातील दुसऱ्या दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी संप केला होता. सुरक्षितता आणि कामाची बरी परिस्थिती त्यांनी मागितली होती. पुढे १९८० च्या दशकात अरुणा यांना रुग्णालयाबाहेर हलविण्याचा महापालिकेचा प्रयत्नही परिचारिकांच्या विरोधामुळे सोडून द्यावा लागला. म्हणजे ज्या हातांनी शुश्रूषा केली त्याच हातांनी मागणीपत्रही लिहिले. सेवा आणि संघर्ष यांत त्यांना विरोध दिसला नाही.

दुसरी गोष्ट अशी की, हा भार कोणा एकीने वाहिला नाही. पाळीगणिक तो एकीकडून दुसरीकडे गेला, निवृत्त होणाऱ्या परिचारिकांनी तो नव्याने आलेल्यांच्या हाती दिला. एकाच रुग्णाची ही सेवा होती; तिचे फळ डोळ्यांना दिसत होते आणि ती त्यांनी आपण होऊन स्वीकारली होती. वाटून घेतलेला, स्वतः निवडलेला आणि अर्थपूर्ण भार माणूस चार दशकेही वाहू शकतो. एकटीवर पडलेला, लादलेला आणि कधीच पुरा न होणारा भार चार वर्षांतही मोडून टाकतो. के.ई.एम.च्या उदाहरणावरून परिचारिका थकत नाहीत असा निष्कर्ष काढू नये. त्या कोणत्या परिस्थितीत टिकून राहतात हे त्यावरून शिकावे.

सुरक्षिततेची मागणी मात्र अजून जुनी झालेली नाही. महाराष्ट्राने आरोग्यसेवकांवरील हिंसाचाराविरुद्ध २०१० मध्ये कायदा केला. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर अत्याचार करून तिची हत्या झाली, तेव्हा साऱ्या देशाला पुन्हा अरुणा आठवल्या. पन्नास वर्षांनंतरही रात्रपाळीच्या स्त्रीला कुलूपबंद होणारी विश्रांतीची खोली आणि उजेड असलेला मार्ग मागावा लागतो.

सेवा आणि देणे

महाराष्ट्रात प्रारंभीच्या काळात ह्या पेशात ख्रिस्ती स्त्रियांचा मोठा वाटा होता. परक्या माणसाच्या जखमा धुणे हे काम घरंदाज मुलीचे नव्हे असे मानले जात होते, तेव्हा मिशन रुग्णालयांनी मुलींना ते शिकविले. आजही आपल्या अनेक कुटुंबांतील मुली आणि अनेक धर्मभगिनी हे काम करीत आहेत. त्यामुळे सेवेची, पाचारणाची भाषा आपल्याला जवळची वाटते. ह्याच कारणाने तिचा वापर जपून झाला पाहिजे. 'ही नोकरी नव्हे, सेवा आहे' हे वाक्य परिचारिकेने स्वतःशी म्हटले तर तिला बळ देते. तेच वाक्य व्यवस्थापनाने तिला रजा नाकारताना म्हटले तर त्याचा अर्थ पार बदलतो.

दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. जखमीच्या जखमा त्याने बांधल्या, हे आपण आवर्जून सांगतो. त्यानंतर त्याने काय केले? जखमीला उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी रखवालदाराच्या हाती दोन नाणी ठेवली आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना तो देण्याचे वचन दिले. पुढची शुश्रूषा करणाऱ्या त्या माणसाने ती फुकट करावी, अशी अपेक्षा त्याने ठेवली नाही. दया करणाऱ्याने दयेचा खर्च दुसऱ्याच्या माथी मारला नाही. शुश्रूषा करणाऱ्याचे देणे चुकते करणे हा त्या दाखल्यातील दयेचाच भाग आहे.

आणि सटाण्याच्या लोकांना तर यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आरम नदीकाठी ज्यांचे मंदिर आहे ते देव मामलेदार, यशवंत महादेव भोसेकर, हे येथील मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी खुला केला, म्हणून लोकांनी त्यांना देवपण दिले. उपाशी माणसांना त्यांनी संयमाचा उपदेश केला नाही. उपाय खजिन्यात आहे हे त्यांनी ओळखले, आणि किल्ली आपल्या हाती आहे हेही ओळखले.

काय करता येईल?

ज्यांच्या हाती आज किल्ल्या आहेत त्यांच्याकडून अपेक्षा स्पष्ट आहेत. मंजूर पदे भरणे आणि ती कायम स्वरूपात भरणे ही पहिली. रजा-राखीव मनुष्यबळ कागदावर न ठेवता प्रत्यक्ष देणे ही दुसरी. खासगी व धर्मादाय रुग्णालयांसाठी वेतनाचे निकषही आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्र सरकारच्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली की, २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेचे वेतन शासकीय वेतनाइतके असावे आणि ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही ते २० हजार रुपयांहून कमी नसावे. मिशन रुग्णालयांनी हे निकष कोणी सांगण्याची वाट न पाहता पाळावेत, असे आम्हांस वाटते. सेवेचे नाव घेणाऱ्या संस्थेकडून लोक हीच अपेक्षा ठेवतात.

काही गोष्टींना फार पैसाही लागत नाही. एका पाळीने दुसरीला कामाचा ताबा देताना पंधरा मिनिटांचा निवांत वेळ मिळावा. वॉर्डात बालमृत्यू किंवा अपघाती मृत्यू झाला, तर त्या पाळीतील सर्वांना एकत्र बसून बोलू द्यावे; तेथे चौकशी नसावी, दोषारोप नसावा. अधिसेविकांनी पाळ्यांचा तक्ता महिनाभर आधी लावावा, म्हणजे घरातील लग्न किंवा मुलाची परीक्षा ठाऊक असूनही चुकणार नाही. रात्रपाळीनंतरची सुटी कोणत्याही कारणास्तव परत घेऊ नये.

आणि आपण, सामान्य नागरिक? ग्रामीण रुग्णालयासाठी रुग्ण कल्याण समिती असते. तालुक्याची आमसभा भरते. तेथे रस्ते आणि पाणी यांवर प्रश्न विचारले जातात. त्यासोबत आणखी तीन प्रश्न विचारता येतील. आपल्या रुग्णालयात परिचारिकांची मंजूर पदे किती? त्यांपैकी भरलेली किती? आणि गेल्या महिन्यात रात्रपाळीला प्रत्यक्ष किती जणी होत्या? उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. आमदार आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांना पाठवलेल्या एका निवेदनाने सारे बदलेल असे नाही, पण प्रश्न सतत विचारला गेला की पद रिक्त ठेवणे अवघड होत जाते.

घरातल्या माणसांनाही एक विनंती आहे. परिचारिका घरी परतते तेव्हा तिची दुसरी पाळी सुरू होते: स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांची औषधे. 'तू नर्स आहेस, तुलाच कळते' म्हणून घरातील प्रत्येक आजारपणही तिच्याच वाट्याला येते. रात्रपाळी करून आलेल्या सुनेला वा लेकीला दुपारी चार तास सलग झोपू देणे, तेवढ्या वेळात दाराची कडी न वाजू देणे, हा ताण कमी करण्याचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. वॉर्डात नातेवाईक म्हणून जाताना आपण एका रुग्णासोबत आलो आहोत आणि सिस्टरकडे तीस आहेत, हे ध्यानी ठेवले तरी पुष्कळ आवाज आपोआप खाली येतील.

येत्या १२ मे रोजी गुलाबपुष्पे जरूर द्यावीत. त्याच कार्यक्रमात व्यासपीठावरील मान्यवरांना ते तीन प्रश्नही विचारावेत, आणि उत्तरे परिचारिकांच्या देखत मागावीत. पुढील वर्षी त्याच दिवशी रात्रपाळीला एक परिचारिका जरी वाढलेली दिसली, तरी गौरव फळास आला असे म्हणता येईल.